कच्च्या छपाईचे टपाल : एक प्रस्तावना

टपालाने पाठवण्यासाठीच घडवलेली आणि टपालाच्या प्रवासात पुरी होणारी कला ती टपालकला, अशी या विषयाची साधी व्याख्या करता येईल. पत्र, पाकीट, पोस्टकार्ड, तिकीट, तारखेचा शिक्का, पत्ता आणि पत्त्यावरची खाडाखोड ही एरवी निव्वळ वाहतुकीची साधने. टपालकलेत ती कलाकृतीचे अवयव ठरतात आणि पाठवणारा व घेणारा असे दोघेही तिचे कर्ते होतात. या कलेच्या मोठ्या पसाऱ्यातील एकाच प्रवृत्तीचा विचार येथे करायचा आहे. हातात कसब असूनही वस्तू मुद्दाम कच्ची ठेवायची, रेघ वाकडी जाऊ द्यायची, शाईचा डाग पुसायचा नाही, मजकूर मध्येच सोडायचा आणि तशाच अवस्थेत तिकीट लावून ती पेटीत टाकायची, अशी ही प्रवृत्ती आहे. असे टपाल ज्यांच्या दारी येते त्यांतले बरेच जण ते केराच्या टोपलीत न टाकता जपून ठेवतात, त्याला उत्तरही देतात, हा तिचा अधिक विलक्षण भाग असून त्याची कारणे शोधणे हा या प्रस्तावनेचा हेतू आहे.

मुंबईपुरते पाहायचे तर या प्रवृत्तीचे सर्वांत जवळचे रूप १९५० च्या दशकाच्या मध्यापासून पुढच्या सुमारे वीस वर्षांत निघालेल्या मराठी लघुअनियतकालिकांत सापडते. थोड्या प्रतींत, स्वतःच्या खर्चाने, ठरलेल्या तारखेचे बंधन न पाळता काढलेली आणि हातोहात किंवा टपालाने निवडक वाचकांकडे पोचवलेली ती चिमुकली प्रकाशने होती. त्यांच्या कर्त्यांनी स्वतःला टपालकलावंत म्हणवून घेतले नाही. ते कवी, कथाकार, अनुवादक आणि चित्रकार होते. तथापि त्यांनी काढलेल्या अंकांचा कागद, त्यांची छपाई, त्यांचा तऱ्हेवाईक अनियमितपणा आणि वाचकाशी त्यांनी जोडलेले नाते ध्यानात घेतले, म्हणजे जगभरातील टपालकलेशी त्यांचे सख्खे नाते असल्याचे दिसून येते, आणि गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील वाङ्मयीन जीवनाशी ते नाते कसे बांधले गेले होते हेही उलगडू लागते.

आधी बाहेरच्या जगाकडे थोडक्यात पाहणे उपयुक्त ठरेल. अमेरिकन कलावंत रे जॉन्सन (१९२७–१९९५) हे आपल्या परिचितांना चित्रांचे तुकडे, कात्रणे आणि रेखाटने टपालाने पाठवत, आणि त्यावर अनेकदा ‘यात भर घाला आणि परत पाठवा’ अशा अर्थाची सूचना लिहीत. त्यांच्या या पत्रव्यवहाराला १९६२ मध्ये ‘न्यूयॉर्क कॉरस्पॉन्डन्स स्कूल’ असे नाव मिळाले, आणि १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात या ‘स्कूल’चे जे प्रदर्शन झाले ते लोकांनी टपालाने धाडलेल्या वस्तूंचेच होते. पुढे या प्रकारच्या प्रदर्शनांचे अलिखित नियम ठरत गेले : परीक्षक नसावा, प्रवेशशुल्क नसावे, येईल ते सर्व मांडावे, काहीही परत करू नये आणि भाग घेणाऱ्या प्रत्येकाला सहभागींची यादी पाठवावी. याच वर्तुळातील फ्रेंच कलावंत रोबेर फिलियू (१९२६–१९८७) यांनी १९६८ मध्ये ‘समतुल्यतेचे तत्त्व’ मांडले. त्यांच्या म्हणण्यानुसार एखादी वस्तू नीट केलेली असो, वाईट केलेली असो किंवा केलेलीच नसो, सर्जनाच्या दृष्टीने या तिन्ही अवस्था सारख्याच मोलाच्या आहेत. आणि हे दाखवण्यासाठी त्यांनी पिवळ्या पेटीतला लाल पायमोजा हा अगदी किरकोळ विषय घेतला. वाईट कामाला कलेत जागा आहे असे म्हणणारे पुष्कळ आहेत, परंतु त्या जागेची अशी रोकडी मांडणी फिलियू यांच्याइतकी क्वचितच कोणी केली असेल.

मराठी माणसाला मात्र टपालातला हेतुपुरस्सर बिघाड वाचायला शिकवण्यासाठी पॅरिसहून कोणी यावे लागले नव्हते. भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याला मिळू लागले, आणि त्यानंतर मराठी घरांत त्याची एक स्वतंत्र लिपीच तयार झाली. माथ्यावर ‘श्री’, सुरुवातीला ‘शि. सा. न. वि. वि.’, शेवटी ‘क. लो. अ.’ आणि जागा संपल्यावर समासातून, पत्त्याच्या कडेने, प्रसंगी आधीच्या ओळींवर आडवे होऊन धावणारा ‘ता. क.’ अशी त्या लिपीची रचना होती. मंगलकार्याच्या पत्राला हळदकुंकवाचे बोट लागे. दुखवट्याच्या पत्राचा मात्र कोपरा फाडलेला असे, त्यावर ‘श्री’ नसे, आणि ते वाचून झाल्यावर घरात न ठेवता फाडून टाकण्याची रीत होती. म्हणजे पोस्टमनच्या हातातल्या गठ्ठ्यात कोपरा नसलेले कार्ड दिसताक्षणीच, एक अक्षरही वाचण्यापूर्वी, घरातल्या बाईमाणसाच्या काळजात धस्स होई. कार्ड खराब केले गेले होते ते जाणूनबुजून, आणि मजकुराचा निम्मा भार त्या फाटक्या कोपऱ्याने उचललेला होता.

दुसरा दाखला साखळीपत्रांचा आहे. अमुक देवाच्या नावाने इतकी पत्रे लिहून इतक्या जणांना पाठवा, पाठवल्यास लाभ होईल, हयगय केल्यास नुकसान होईल, अशा आशयाची निनावी कार्डे कित्येक दशके घरोघर येत राहिली. त्या पत्रांचा मूळ लेखक कोणालाही ठाऊक नसे; प्रत्येक नकलेत शब्द गळत, नावे बदलत, धमकीला नवी फोडणी बसे, आणि पत्र अपुरे असे ते या अर्थाने की ते घेणाऱ्याने पुढे लिहिल्याखेरीज पुरेच होत नसे. त्याच्याच जोडीला मुंबईच्या जनरल पोस्ट ऑफिसच्या परिसरात बसणारे पत्रलेखक आठवावेत. १९१३ मध्ये पुऱ्या झालेल्या त्या भव्य इमारतीच्या आसपास निरक्षर कामकरी आपली हकीकत सांगत, लेखक ती आपल्या ठरलेल्या साच्यात बसवी आणि मनीऑर्डरच्या कुपनावरच्या बोटभर जागेत कोकणातल्या किंवा घाटावरच्या कुटुंबासाठी दोन ओळी कोंबल्या जात. पत्र हे एकाच हाताचे आणि एकाच मनाचे निर्दोष लेखन असते, ही कल्पना गिरणगावाच्या टपालाला कधीच लागू नव्हती.

लघुअनियतकालिकांच्या पिढीला देशातूनही काही सोबती मिळाले. १९६१ मध्ये सुरू झालेल्या बंगालीतील हंग्री चळवळीने एका पानाची पत्रके काढली, आणि राक्षस, विदूषक, पशू यांचे कागदी मुखवटे ‘कृपया आपला मुखवटा उतरवा’ अशा अर्थाच्या छापील विनंतीसह मंत्री, अधिकारी व प्रतिष्ठितांकडे पाठवून दिले. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त मुखवट्याला पत्ता जोडताच त्याचे कलाकृतीत रूपांतर कसे होते याचे याहून नेमके भारतीय उदाहरण सापडणे कठीण. अलाहाबादेत १९६५ मध्ये अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि त्यांच्या मित्रांनी ‘डॅम यू’ हे सायक्लोस्टाइल केलेले इंग्रजी नियतकालिक काढले, आणि मेहरोत्रा मुंबईत शिकायला आल्यावर त्यांच्या ‘एझरा-फकीर प्रेस’चा पत्ताही मुंबईचा झाला. बडोद्यात गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर यांनी १९६९ ते १९७३ या काळात ‘वृश्चिक’ चालवले. यांपैकी खख्खर हे गिरगावालगतच्या खेतवाडीतले. व्यवसायाने हिशेबतपासनीस असलेल्या या चित्रकाराने कॅलेंडरावरची देवादिकांची चित्रे, दुकानांच्या पाट्या आणि फोटो स्टुडिओंतले पडदे यांतला ‘अभिरुचिहीन’ ठरवला गेलेला भडकपणा जाणीवपूर्वक आपल्या चित्रांत आणला. वाईट चित्र काढणे आणि वाईट चित्राची भाषा आत्मसात करून बोलणे यांतील अंतर समजून घ्यायचे असेल, तर खख्खर यांच्यापासून सुरुवात करणे सोयीचे आहे.

आता गिरगावाकडे वळले पाहिजे, कारण ज्या नेटकेपणाविरुद्ध हे बंड होते त्याचेही घर तेच होते. जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये टाइपाचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, आणि देवनागरी अक्षराच्या वळणाचा व शुद्ध मुद्रणाचा एक मानदंड मुंबईत उभा राहिला. विसाव्या शतकात त्याच परंपरेतील काटेकोरपणा खटाववाडीतल्या मौज प्रिंटिंग ब्युरोने जपला. तेथून निघणारे ‘सत्यकथा’ हे मासिक (१९३३–१९८२) मराठी नवसाहित्याचे प्रमुख व्यासपीठ होते, श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनाची ख्याती अशी की, कथेतल्या एकेका वाक्यावर लेखकाशी चर्चा होई आणि मुद्रितशोधनात स्वल्पविरामही नजरेतून सुटत नसे. या व्यवस्थेचा कणाही टपालच होते. लेखकाने परतीचे तिकीट लावलेले पाकीट जोडून लेखन पाठवायचे, संपादकाने ते स्वीकारायचे किंवा ‘साभार परत’ करायचे, हा त्या काळच्या मराठी साहित्याचा दैनंदिन टपालव्यवहार होता. टपालकलेच्या प्रदर्शनांतले नियम या व्यवहाराच्या नेमके उलट दिशेला उभे आहेत : तेथे काही नाकारले जात नाही आणि काही परतही येत नाही. मराठीतली नवी पिढी अशा नियमांची वाट पाहत थांबली नव्हती. ‘साभार परत’ या दोन शब्दांनीच तिला ते शिकवले होते.

दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यास सुरू केलेले ‘शब्द’ हे या मालिकेतले आरंभीचे प्रकाशन, आणि तेही सायक्लोस्टाइल केलेले. १९६० च्या दशकात अशोक शहाणे यांचे ‘असो’, भालचंद्र नेमाडे यांचे ‘वाचा’, राजा ढाले यांचे ‘येरू’ आणि अशीच आणखी कितीतरी अल्पायुषी प्रकाशने आली. सतीश काळसेकर, तुळसी परब, मनोहर ओक, वसंत दत्तात्रेय गुर्जर हे कवी त्या वातावरणात लिहिते झाले. शहाणे यांनी १९६३ मध्ये ‘मनोहर’ मासिकात समकालीन मराठी वाङ्मयाची जी झाडाझडती घेतली तिने या पिढीला तात्त्विक धार दिली, आणि दशक संपत आले तेव्हा तिच्यातल्या काहींची ‘सत्यकथा’च्या अंकाची होळी करण्यापर्यंत मजल गेली. होळीची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्या मानाने कागद आणि छपाई यांची चर्चा फारच थोडी झाली, वास्तविक प्रस्थापिताला दिलेले रोजचे, न ओरडता दिलेले उत्तर तेथेच होते.

अनियमितपणालाही व्यवहाराची बाजू होती. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याप्रमाणे नियतकालिकाच्या मुद्रकाला व प्रकाशकाला दंडाधिकाऱ्यासमोर घोषणापत्र करावे लागे, आणि नोंदणी झालेल्या वृत्तपत्रालाच टपालाच्या सवलतीच्या दराचा लाभ मिळे. ज्याचा पुढचा अंक निघेल की नाही याचीच शाश्वती नाही, त्याने या भानगडीत कशाला पडावे? असा अंक मग बुक-पोस्टाने जाई. बुक-पोस्ट म्हणजे छापील मजकूर पत्रापेक्षा कमी दरात पाठवण्याची सोय. तिची अट एवढीच की टपालखात्याला आतला ऐवज तपासता यावा म्हणून पाकीट चिकटवून बंद करायचे नाही. परिणामी हे साहित्य उघड्या तोंडाच्या पाकिटातून, कोणालाही डोकावता येईल अशा स्थितीत चाळीच्या जिन्याखालच्या पेटीपर्यंत येई, आणि घरमालक, शेजारी किंवा वडीलधारी मंडळी यांच्या नजरेखालून गेल्यानंतरच बहुधा ते ज्याच्या नावे होते त्याला मिळे.

सायक्लोस्टाइलची कृती थोडी तपशिलाने सांगणे आवश्यक आहे, कारण कच्चेपणाची बहुतेक चिन्हे त्या कृतीतूनच उमटतात. मेणाचा थर दिलेला पातळ कागद, ज्याला स्टेन्सिल म्हणत, तो टाइपरायटरवर फीत बाजूला सारून चढवला जाई आणि अक्षरांच्या घावाने मेण कापले जाई. देवनागरीसाठी यंत्र हाताशी नसले की पोलादी टोकाच्या लेखणीने त्यावर हाताने लिहावे लागे. लांब शिरोरेषा ओढताना हात जरा जड पडला की कागद रेषेवरच चिरे, आणि मग छापताना त्या चिरेतून शाई पाझरून सबंध ओळीवर काळा पट्टा उमटे. गोलाकार अक्षरांच्या पोटातला मेणाचा तुकडा निखळला की अक्षर आतून काळेभोर भरून येई. चुकीवर लावायचा दुरुस्तीचा द्राव वाळण्याआधी वर लिहिले तर तेथे फरकाटा उठे. कापलेले स्टेन्सिल शाईच्या पिंपावर ताणून, दांडा फिरवून प्रती काढत. पहिल्या काही प्रती गिचमिड, मधल्या बऱ्या आणि शेवटच्या पुसट. कागद शाई शोषणारा असल्याने पाठीमागचा मजकूर पुढे दिसे, आणि फुलस्केपचे ताव जमवून कोपऱ्यात टाचणी मारली की अंक सिद्ध होई. एकाच अंकाच्या दोन प्रती तंतोतंत सारख्या नसत, आणि कोणाला कोणती प्रत जायची हेही काही अंशी पाठवणाऱ्याच्या हाती असे.

हे यंत्र कवितेसाठी जन्मले नव्हते. कचेऱ्यांची परिपत्रके, शाळांच्या सहामाही प्रश्नपत्रिका आणि गिरणी कामगार संघटनांची पत्रके त्यावर निघत. त्यामुळे परळ-लालबागच्या रहिवाशाच्या नजरेला या छपाईची सवय होती ती हुकमाच्या किंवा हाकेच्या कागदाच्या रूपात; तिच्यात कविता दिसली की वाचक क्षणभर गोंधळे, आणि तो गोंधळ कर्त्यांना हवाच होता. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याकडून, मुद्रितशोधकाकडून आणि संपादकाकडून तावूनसुलाखून आलेल्या मजकुरापुढे वाचक सहसा नम्र होतो. टाचणीने जोडलेल्या डागाळलेल्या तावाशी मात्र तो वाद घालायला बसतो, शाईचे पेन काढून समासात दुरुस्ती करतो आणि पुढेमागे स्वतःचा कागद काढण्याची उमेद बाळगतो. लघुअनियतकालिकांचे वाचक पाहता पाहता लघुअनियतकालिकांचे संपादक होत गेले, यामागे या कागदाने कमी केलेला दरारा हे एक महत्त्वाचे कारण मानले पाहिजे.

येथे एक शंका स्वाभाविक आहे. ही मंडळी वाईट छापत होती ती पैसा नव्हता म्हणून, मग त्यात मुद्दाम असे काय राहिले? या शंकेत तथ्य आहे, पण ते अर्धेच. अरुण कोलटकर हे जे. जे. कलाशाळेतून शिकलेले, जाहिरातव्यवसायात नावाजलेले मांडणीकार होते. अक्षर, पांढरी जागा आणि समास यांची त्यांच्याइतकी जाण असलेली माणसे त्या काळच्या मुंबईत मोजकीच होती. शहाणे यांनी पुढे ‘प्रास प्रकाशन’ काढले आणि १९७७ मध्ये ‘अरुण कोलटकरच्या कविता’ प्रसिद्ध केल्या. त्या प्रकाशनाची पुस्तके आजही मराठी ग्रंथनिर्मितीत नजर लावून पाहावीत अशी आहेत. १९७६ मध्ये कोलटकर, मेहरोत्रा, आदिल जस्सावाला आणि गिव्ह पटेल यांनी मिळून ‘क्लिअरिंग हाउस’ ही सहकारी प्रकाशनसंस्था चालवली, तिच्या पुस्तकांची रेखीव मुखपृष्ठे कोलटकरांच्या हातची होती. ज्यांना उत्तम करता येत होते आणि ज्यांनी संधी मिळताच ते करून दाखवले, त्यांनी आधीच्या काळात कच्चेपणा सोसला एवढेच म्हणणे अपुरे आहे. पैशाच्या तंगीने जी दिशा दाखवली तिच्यात त्यांनी एक शैली ओळखली, आणि ती ओळखणे हाच निर्णय होता.

मग या टपालाची ओढ नेमकी कशाची? पहिले कारण असे की, पुरी झालेली वस्तू दाद मागते आणि अपुरी वस्तू उत्तर मागते. देखण्या भेटकार्डाचे कौतुक करून ते फडताळात ठेवता येते; मध्येच तुटलेल्या वाक्याचे तसे करता येत नाही, कारण ते कोणीतरी पुढे न्यावे म्हणूनच तोडलेले असते. दुसरे कारण बरोबरीचे आहे. आपली चूक झाकण्याची तसदी न घेता कोणी काही पाठवले, तर त्यात घेणाऱ्यावर टाकलेला विश्वास असतो. परक्यापुढे माणूस इस्त्रीचे कपडे घालून जातो, घरच्यांपुढे नाही. तिसरे कारण वेळेचे. कच्च्या कागदावर तो कोणत्या घाईत, कोणत्या रात्री आणि किती थकलेल्या हाताने केला गेला याच्या खुणा राहतात, आणि पाकिटावरचा तारखेचा शिक्का त्या खुणांना साक्ष देतो. सफाईने या सर्व खुणा पुसल्या जातात. म्हणूनच सफाईदार टपाल कोणीही, केव्हाही, कोणालाही पाठवलेले असू शकते.

तथापि वाईट दिसणाऱ्या प्रत्येक कागदाला एकाच मापाने मोजणे हा मोठा अन्याय ठरेल. निवडून केलेला कच्चेपणा, नाइलाजाने आलेला कच्चेपणा आणि दुसऱ्यांनी कच्चा ठरवलेला शब्द या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. गिरणगावातल्या साचेवाल्याने चार इयत्तांच्या बळावर गावी धाडलेले पोस्टकार्ड ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांनी भरलेले असेल, पण त्याला जमले असते तर त्याने ते शुद्धच लिहिले असते. त्याच्या चुकांत सौंदर्य शोधणे ही सुस्थितांची हौस होय. तिसऱ्या प्रकाराकडे अधिकच सावधपणे पाहिले पाहिजे. बाबूराव बागूल, राजा ढाले, नामदेव ढसाळ यांच्या पिढीने जी भाषा साहित्यात आणली तिला अशुद्ध, ओबडधोबड, असंस्कृत म्हटले गेले. १९७२ मध्ये ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला तेव्हा त्याला विजय तेंडुलकर यांची प्रस्तावना होती, आणि त्या नावाच्या वस्तीबाहेरच्या वाचकाला त्या कवितेत नेणारा हात लागतो हे त्यातून उघड झाले. ती भाषा कच्ची नव्हती, बिघडवलेली तर नव्हतीच. ती आपल्या जागी पूर्ण होती आणि अपुरेपणा असलाच तर वाचकाच्या माहितीत होता. कोलटकरांचे खडबडीत स्टेन्सिल आणि ढसाळांचा शब्द यांना ‘प्रस्थापितविरोधी’ या एका गाठोड्यात बांधण्याची सवय मराठी समीक्षेने सोडली पाहिजे.

कच्चा कागद हा कायद्याच्या दृष्टीनेही किरकोळ नसतो. १८९८ च्या टपाल कायद्याने अश्लील मानला जाणारा मजकूर टपालाने पाठवण्यास मनाई केली होती. हंग्री कवी मलय रायचौधुरी यांना अश्लीलतेच्या आरोपावरून १९६४ मध्ये अटक झाली आणि १९६७ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयात त्यांची सुटका झाली. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही १९८० च्या दशकातील भित्तिपत्रक-कविता १९९४ मध्ये बँक कर्मचारी संघटनेच्या अंतर्गत बुलेटिनमध्ये पुन्हा छापली गेली, तेव्हा उभा राहिलेला खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०१५ मध्ये न्यायालयाने कवीवरील कारवाई रद्द करण्यास नकार दिला. मूठभर सभासदांसाठी काढलेला, कोणाच्या नजरेत न भरणारा कागदही वीस वर्षे न्यायालयात तग धरतो, ही बाब टपालकलेला निरुपद्रवी छंद समजणाऱ्यांनी लक्षात ठेवावी.

या प्रवृत्तीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप मात्र कायद्याचा नसून कलेचा आहे. वाईटपणा एकदा ओळखीचा झाला की त्याचीही सफाई होते. आज संगणकावर झिजलेल्या टाइपरायटरचे फॉन्ट मिळतात, शाईचे फरकाटे हवे तेथे बसवता येतात आणि जाड खाकी कागदावर मोजूनमापून तिरपी केलेली छपाई चांगल्या किमतीला विकली जाते. अशा वस्तूत अपघाताला वाव नसतो, घेणाऱ्यासाठी काही काम शिल्लक ठेवलेले नसते, आणि तिला उत्तर द्यावे असे कोणाला वाटत नाही. तेव्हा कच्च्या टपालाची पारख डाग किती आणि रेघ किती वाकडी यावरून करता येणार नाही. त्या बिघाडाने पाठवणाऱ्याने स्वतःची काही प्रतिष्ठा पणाला लावली का, आणि घेणाऱ्याला लेखणी उचलायला भाग पाडले का, हे दोन प्रश्न विचारावेत. दोहोंचे उत्तर नकारार्थी असेल तर ती वस्तू केवळ वाईट आहे, आणि तसे स्पष्ट म्हणण्यात संकोच नसावा. या कसोटीवर लघुअनियतकालिकांतलेही बरेच काही टिकणार नाही. जे टिकते ते मराठी वाचनाची सवय बदलून गेले आहे.

अशा साहित्याच्या जतनाचा प्रश्न शेवटी उरतो, आणि तो तातडीचा आहे. सायक्लोस्टाइलचा कागद पिवळा पडून ठिसूळ होतो, टाचण्यांचा गंज पानात उतरतो आणि शाईतले तेल पसरत जाते. मुंबईच्या कवींची काही कागदपत्रे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संग्रहात पोचली आहेत, आणि कोलटकरांच्या द्वैभाषिक जगावर अंजली नेर्लेकर यांचा २०१६ मधील इंग्रजी ग्रंथ या प्रकारच्या कागदांकडे किती बारकाईने पाहता येते हे दाखवतो. पण गिरगावातल्या व दादरच्या जुन्या घरांतील माळ्यांवर, ट्रंकांत आणि चाळींच्या पुनर्विकासात रिकाम्या होणाऱ्या कपाटांत जे असेल ते तेथून थेट रद्दीत जाण्याचीच शक्यता अधिक आहे. ग्रंथसंग्रह अंक ठेवतात आणि पाकीट टाकून देतात, हा दोषही जुनाच आहे. वाचकाला म्हणून एवढीच विनंती आहे की, असा एखादा कागद हाती लागला तर त्याच्या गंजक्या टाचण्या अलगद काढाव्यात, डाग मात्र पुसू नयेत, समासातल्या परक्या हस्ताक्षराला खाडाखोड समजू नये, आणि पत्ता, तिकीट व तारखेचा शिक्का असलेले पाकीट अंकापासून वेगळे न करता दोन्ही मिळून मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या एखाद्या सार्वजनिक संग्रहाच्या स्वाधीन करावीत.